गार्डला मराठीत काय म्हणायचं? (बाबांच्या पत्रिकेसाठी मदत हवी)

परळकरीण:
नमस्कार मंडळी. बाबा या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रेल्वेतून निवृत्त होत आहेत. ३५ वर्षं गार्ड होते. सुरुवात मालगाडीवर, मग पॅसेंजर, आणि गेली बरीच वर्षं लोकल. चाळीच्या गच्चीवर मांडव घालून साधासा कार्यक्रम करतोय. पत्रिका मराठीतच छापायची असा आईचा हट्ट आहे आणि मलाही तो पटतो. मजकूर लिहून झाला, फक्त नावाखालचा हुद्दा राहिलाय. तिथेच अडलोय.

नेमणुकीच्या पत्रावर 'गुड्स गार्ड' आहे. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने गार्ड हे पदनाम बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, म्हणून आताच्या कागदांवर ते. भावाने 'रेल्वे रक्षक' लिहिलं, तर आत्याने विचारलं, हा पोलिसात कधी होता? मी 'गाडी व्यवस्थापक' करून पाहिलं. ते वाचून बाबा काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. म्हणजे नापसंत.

मग कोश उघडला. रक्षक, पहारेकरी, राखणदार, चौकीदार, संरक्षक जाळी, मानवंदना, खबरदारी, सावध पवित्रा. एकाच शब्दाचे हे सगळे अर्थ आणि बाबांना त्यातला एकही बसत नाही. मुळात या शब्दात एवढं सगळं मावलं कसं? आणि गाडीच्या शेवटच्या केबिनमध्ये उभ्या असलेल्या माणसाला गार्ड का म्हणत असतील? पत्रिका आठवड्याभरात छापायला द्यायची आहे. सुचेल ते लिहा.

जुना_फळा:
मी दादरला तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो. दुसरा कुणीतरी रेल्वेतला सांगेल.

गार्ड हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो जर्मानिक टोळ्यांच्या भाषेतून आला. मूळ धातूचा अर्थ नजर ठेवणं, लक्ष असू देणं. फ्रेंचांच्या तोंडी सुरुवातीच्या 'व'चा 'ग' झाला. इंग्रजीच्या घरात मात्र त्याच कुळातला 'वॉर्ड' आधीपासून नांदत होता, शिवाय उत्तर फ्रान्सच्या बोलीतून 'व'वाले शब्दही येत राहिले. म्हणून इंग्रजीत अशा जोड्या सापडतात: गार्ड आणि वॉर्ड, गार्डियन आणि वॉर्डन. लॅमिंग्टन रोडवर आपण दुकानदाराला 'गॅरंटी आहे की वॉरंटी' विचारतो, तीही अशीच जोडी आहे. तिचा धातू वेगळा, पण 'व' आणि 'ग'चा खेळ तोच. तुम्ही परळला राहता, म्हणजे महापालिकेच्या एफ दक्षिण वॉर्डात. तो वॉर्डही मुळात राखणीचा टापू. इंग्रजीतला 'लॉर्ड'सुद्धा याच घरातला आहे. जुन्या इंग्रजीत तो होता 'भाकरी राखणारा'. मला हा अर्थ फार आवडतो.

आता जवळचे शब्द पाहा. प्रोटेक्ट म्हणजे समोर आच्छादन धरणं. डिफेन्ड म्हणजे आलेला वार परतवणं. सिक्युअर म्हणजे काळजीविना, आपल्याकडचं निर्धास्त. गार्डमध्ये झाकणंही नाही आणि मारणंही नाही. त्यात आहे ती फक्त नजर. बाकीचे सगळे अर्थ त्या नजरेतून फुटलेले आहेत.

अबोली_गिरगाव:
सर, वॉचमनचं पण सांगा ना. तो तर घड्याळवाला वॉच, असं मी लहानपणी समजायचे.

जुना_फळा:
@अबोली, ते फार चुकीचं नव्हतं. वॉच हा शब्द 'जागं राहणं' या धातूतून आला. आधी रात्रीचा जागता पहारा, मग पहाऱ्याची पाळी, आणि पाळी मोजणारं यंत्र म्हणून घड्याळ. आपल्या गावगाड्यातला 'जागल्या' तंतोतंत तोच. रात्री गाव झोपलं की जागणारा तो जागल्या. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच जागी हात घातला.

आणि 'पहारा' आला प्रहरावरून. दिवसरात्रीचे आठ प्रहर, प्रत्येक तीन तासांचा. म्हणजे इंग्रजीत राखणारा माणूस बघतो किंवा जागतो, मराठीत तो जागतो किंवा वेळ मोजतो. पोलीस ठाण्याच्या दारातला 'संत्री' मात्र सरळ इंग्रजी सेंट्रीचा मराठी अवतार.

डाउन_फास्ट:
धागा उशिरा दिसला. मी मोटरमन होतो, मध्य रेल्वेवर, आता निवृत्त. ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो आणि जरा सविस्तर देतो, कारण हे गाडीत बसणाऱ्यांना दिसत नाही.

लोकांना गार्ड म्हणजे हिरवा झेंडा दाखवणारा आणि बेल देणारा एवढंच ठाऊक. लोकल सुटते ती गार्डच्या दोन बेलवर. पुढे सिग्नल मिळालेला असला तरी मागून दोन बेल आल्याशिवाय मोटरमन गाडी हलवत नाही. कारण बारा किंवा पंधरा डब्यांच्या दारात काय चाललंय ते मला पुढून दिसत नाही, त्याला दिसतं. सरांनी वर 'नजर' म्हटलंय ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. नोकरीभर मी दुसऱ्याच्या नजरेवर गाडी सोडली.

पण गार्ड हे नाव त्यावरून पडलेलं नाही, असं मला वाटतं. नाव खरं ठरतं ते गाडी मध्येच बंद पडते तेव्हा. समजा दोन स्टेशनांच्या मध्ये, रात्री, पावसात गाडी उभी राहिली आणि पुढे जाईना. तेव्हा सगळ्यात मोठा धोका मागून असतो, कारण त्याच रुळावर दुसरी गाडी येऊ शकते. अशा वेळी गार्डने हातबत्ती, लाल झेंडा आणि डेटोनेटर घेऊन गाडीतून उतरायचं आणि मागे चालत जायचं. डेटोनेटर म्हणजे रुळावर बसवायचे चपटे फटाके. ब्रॉडगेजवर सर्वसाधारण नियम असा: ६०० मीटरवर एक फटाका, मग १२०० मीटरवर तीन, एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर. येणाऱ्या इंजिनाच्या चाकाखाली तो फुटला की ड्रायव्हर ब्रेक लावतो. लोकलच्या ऑटोमॅटिक सिग्नलच्या भागात अंतरं कमी असतात, पण काम तेच. या कामाला आमच्या नियमांच्या पुस्तकात प्रोटेक्शनच म्हणतात. गाडीचं प्रोटेक्शन.

सव्वा किलोमीटर अंधारात रुळातून चालत जायचं, गाडीकडे पाठ करून, आणि समोरून येईल त्या गाडीला एकट्याने थांबवायचं. तो माणूस तो गार्ड. बाबांना माझा नमस्कार सांगा.

परळकरीण:
काका, हे वाचून घरात शांतता झाली. आईला पस्तीस वर्षांत हे माहीत नव्हतं. बाबांना विचारलं, तुम्ही असं कधी गेलात का? म्हणाले, दोनदा, मालगाडीवर असताना, एकदा घाटात. बस, पुढे काही सांगितलं नाही.

कांगा_लीग:
काकांच्या प्रतिसादानंतर क्रिकेटचं लिहायला संकोच वाटतो, पण धागा अर्थांचा आहे म्हणून लिहितो.

मैदानावर गार्डचे दोन वेगळे संसार आहेत. पहिला अंगावरचा. लेगगार्ड, चेस्टगार्ड, आर्मगार्ड, आणि ज्याला आझाद मैदानापासून शिवाजी पार्कपर्यंत सगळे 'एल गार्ड' म्हणतात तो. ही सगळी चिलखताची माणसं, चेंडू येऊन आदळला तर झेलणारी.

दुसरा संसार म्हणजे गार्ड घेणं. फलंदाज येतो, बॅट उभी धरतो, अंपायरला विचारतो, मिडल द्या, किंवा लेग, किंवा मिडल अँड लेग. अंपायर बोटाने बॅट सरकवायला सांगतो आणि फलंदाज बुटाने किंवा स्पाइकने रेघ ओढतो. इथे अंगावर काही चढवलेलं नाही. आपण कशाच्या समोर उभे आहोत आणि आपला ऑफ स्टंप कुठे आहे, हे एकदा नक्की करून घेणं म्हणजे गार्ड. मला वाटतं सरांनी सांगितलेला मूळ अर्थ इथे शाबूत आहे. कांगा लीग १९४८ पासून ऐन पावसात खेळली जाते. ओल्या विकेटवर ती रेघ दोन षटकांत चिखलात बुजते आणि पुन्हा पुन्हा गार्ड घ्यावा लागतो. माझ्या कोचने मला पहिली शिकवलेली गोष्ट हीच: चेंडू बघण्याआधी आपली जागा बघ.

मराठीत यष्टी, पायचीत, त्रिफळा असे शब्द रुजले. 'गार्ड घेणं' मात्र गार्ड घेणंच राहिलं. 'पवित्रा घेणं' जवळ जातं, पण पवित्रा पूर्ण शरीराचा असतो आणि गार्ड त्या एका रेघेचा.

नागपाडा_डंक:
आमच्या बास्केटबॉलमध्येही गार्ड आहे. आता तो सगळ्यात आधी चेंडू घेऊन पुढे जातो, डाव रचतो. मग त्याला गार्ड का म्हणायचं? कारण सुरुवातीच्या काळात तो मागे थांबून आपली बास्केट राखायचा. काम बदललं, नाव तेच राहिलं. तुमच्या बाबांचं बरोबर उलटं झालंय, काम तेच आणि नाव बदललं.

साडीगार्ड:
माझं भायखळ्याला गॅरेज आहे. आमच्याकडे गार्ड म्हणजे माणूस नाही, लोखंड किंवा फायबर. मडगार्ड, चेनगार्ड, क्रॅशगार्ड. मडगार्डला जुने मिस्त्री 'मरगाड' म्हणायचे, काही अजून म्हणतात.

पण एक गार्ड खास आपल्या देशाचा आहे. साडीगार्ड. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला डाव्या बाजूने जाळी किंवा पत्रा असतो तो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला हँडग्रिप हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवी, आणि मागच्या बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं काहीतरी हवं. पोरं येतात आणि सांगतात, काढून टाका, दिसायला घाण दिसतो. मी काढत नाही. पदर चाकात गेल्याचं एकदा पाहिलंय, परत पाहायचं नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

यात रक्षक, पहारेकरी काही बसत नाही. आम्ही गार्डच म्हणतो आणि कुणाचं अडत नाही.

डाउन_फास्ट:
@साडीगार्ड, तुमचं बरोबर आहे. रेल्वेतही लोखंडी गार्ड आहे. पुलावरून जाताना खाली बघा, मूळ दोन रुळांच्या आत आणखी दोन रूळ दिसतील. ते गार्डरेल. चाक रुळावरून उतरलंच तर डबा पुलाबाहेर जाऊ नये, त्या दोन रुळांनी आत धरून ठेवावा, म्हणून. वसईच्या खाडीवर दार धरून उभे असाल तर दिसतील. (दारात उभे राहू नका, हे मोटरमन म्हणून सांगतो.)

वरळी_सीफेस:
सरकारी मराठीने गार्ड कसा सोडवला ते पाहू. होमगार्डला 'गृहरक्षक दल'. ही संघटना मुंबईतच जन्मली, ६ डिसेंबर १९४६ ला, दंगलींच्या दिवसांत. फॉरेस्ट गार्ड म्हणजे 'वनरक्षक', बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात भेटतात. जुहू-वर्सोव्याला पावसाळ्यात लाल झेंडा लावून शिट्ट्या मारणारे 'जीवरक्षक'. हा शब्द मला या सगळ्यांत सुंदर वाटतो, उच्चारला की काम कळतं.

कोस्ट गार्ड म्हणजे 'तटरक्षक दल'. १९७७ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, १९७८ मध्ये कायदा झाला. पश्चिम विभागाचं मुख्यालय आमच्या वरळीला. मराठीत तट म्हणजे किनारा आणि तट म्हणजे किल्ल्याची भिंतसुद्धा, त्यामुळे शब्द दुहेरी बसला. वरळी, माहीम, शिवडी, शीव, सगळीकडे किल्ले असलेल्या शहरात तर फारच.

गार्ड ऑफ ऑनरला मात्र 'मानवंदना' केलं आणि राखण पूर्ण गळून पडली. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण गेटवेच्या कमानीतून गेली तेव्हा भारतीय पथकांनी दिली ती मानवंदना. तिथे कुणी कुणाची राखण करत नव्हतं, उलट राखणारे निघून चालले होते.

आणि गार्डियन मिनिस्टर म्हणजे 'पालकमंत्री'! शाळेच्या फॉर्मवर सही करणारा पालक आणि जिल्ह्याचा पालक, दोघे एकाच शब्दात.

बिल्ला_नंबर:
मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. माझे वडील एका मोठ्या गोदामावर रात्रपाळीला होते, मुंबईतच. आधी सगळे त्यांना 'ए वॉचमन' म्हणायचे. त्या हाकेत नाव नव्हतं, वय नव्हतं, काही नव्हतं. नंतर ते सुरक्षा रक्षक मंडळात नोंद झाले. १९८१ च्या महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक कायद्याखाली ही मंडळं आहेत. बिल्ला मिळाला, भविष्य निर्वाह निधी सुरू झाला, ठरलेला पगार आला.

मराठीचे जाणकार सांगतात की 'सुरक्षा रक्षक' हा शब्द चुकीचा, त्यात 'रक्ष' दोनदा येतं. येऊ दे. माझ्या आईने पहिल्यांदा राशन कार्डाच्या फॉर्मवर नवऱ्याचा धंदा म्हणून 'सुरक्षा रक्षक' लिहिलं तेव्हा ती ते अक्षर न अक्षर मोठ्याने वाचत होती. तिला दोन्ही 'रक्ष' हवे होते.

जुना_फळा:
@बिल्ला_नंबर, तो शब्द चुकीचा आहे असं मी वर्गात अनेकदा सांगितलं आहे. यापुढे सांगणार नाही.

इतिहास_माहीम:
कुणी 'गारद' काढली नाही म्हणून मी काढतो. मराठीने इंग्रजी गार्ड कधीच घरात घेतला आहे, 'गारद' म्हणून, म्हणजे पहाऱ्याची तुकडी. हल्ली शिवजयंतीला महाराजांच्या नावाने जी ललकारी देतात तिलाही गारद म्हणतात.

'गारदी' मात्र त्याआधीचे. फ्रेंच पद्धतीने कवायत केलेलं पायदळ, आणि शब्दही फ्रेंच 'गार्द'कडून आला असं मानतात. पानिपतावर १७६१ मध्ये इब्राहिमखान गारदी शेवटपर्यंत लढला. आणि १२ वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ ला, शनिवारवाड्यात नारायणरावाला मारलं तेही गारद्यांनीच. ज्यांचं नावच राखणीवरून पडलेलं, त्यांच्यापासून पळत तो पोरगा काकाला मिठी मारून म्हणाला, 'काका मला वाचवा', अशी कथा आहे. बघा, त्या क्षणी त्याच्या तोंडी 'रक्षण करा' आलं नाही, 'वाचवा' आलं. रक्षण आधीपासून करायचं असतं, वाचवायचं असतं ते मरण दारात आल्यावर.

अबोली_गिरगाव:
पण मग 'गारद झाला' म्हणजे खलास झाला, ते कसं? राखणारा आणि संपलेला एकच शब्द?

इतिहास_माहीम:
दोन वेगळे शब्द आहेत, उच्चार एकसारखा झाला एवढंच. संपलेला तो 'गारत', अरबीतून आलेला, मूळ अर्थ लूट. त्याच्या 'त'चा 'द' झाला आणि तो गार्डच्या गारदेला जाऊन भेटला.

वेतोबाचो_झील:
शहरातल्या गार्डांचं झालं, आता कोकणातला सांगतो. आमच्याकडे प्रत्येक गावाला, प्रत्येक वाडीला राखणदार असतो. वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, म्हणून त्याला चामड्याची मोठाली पायताणं वाहतात. चालून चालून जुनी झिजतात, असं आजी सांगायची. लहानपणी मी ती पायताणं उलटी करून बघितली होती, झिजलीत का म्हणून. मुंबईत भाड्याच्या खोलीत राहणारे आमचे चाकरमानीसुद्धा गावाला गेले की आधी राखणदाराला गाऱ्हाणं घालतात, 'बा देवा म्हाराजा', आणि बाकी सगळे 'होय म्हाराजा'.

राखणदार हा शब्द रक्षकापेक्षा मायेचा आहे. रक्षक पगारी असतो. राखणदार त्या जागेचाच असतो.

परळकरीण:
'राखणदार' मी बाबांना वाचून दाखवला. म्हणाले, देवाचं नाव मला नको.

शब्दांची_पेटी:
मग 'राखणे' या क्रियापदाकडेच जाऊया, खरी श्रीमंती तिथे आहे. फ्रेंच 'गार्दे' म्हणजे राखणं आणि ठेवणंही. मराठीत अगदी तसंच. शेत राखतो, गुरं राखतो, मान राखतो, मर्जी राखतो, आब राखतो, अंतर राखतो, गुपित राखतो. एखादा जपून, तोलून उत्तर देतो त्याला इंग्रजीत गार्डेड म्हणतात, आपण म्हणतो 'हातचं राखून बोलतो'. बेस्टच्या बसमध्ये डोक्यावर 'स्त्रियांसाठी राखीव' लिहिलेलं असतं तेही राखणंच. आणि 'जो तळं राखील तो पाणी चाखील' ही म्हण राखणाऱ्याला थोडी सूट देते. पण 'कुंपणानेच शेत खाल्लं' म्हणताना ती सूट संपते.

'जपणं' वेगळं. जपतो ते नाजूक असतं. 'सांभाळणं' वेगळं, त्यात वजन आहे, ते हातात पेलायचं असतं. राखताना वस्तू आपल्या हातात नसतेच. ती तिच्या जागी असते आणि आपण तिच्या कडेला.

संस्कृत 'रक्षा' म्हणजे रक्षण आणि रक्षा म्हणजे राखसुद्धा. आपला 'राख' शब्द त्यातूनच आला. दृष्ट लागू नये म्हणून कपाळाला अंगारा लावतात तिथे दोन्ही अर्थ एकत्र येतात, आणि अस्थींबरोबर रक्षा विसर्जित करतो तिथेही. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात तर असं आहे की ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केलं आणि ते राखायला जीव निर्माण केले. त्यातले 'आम्ही रक्षण करू' म्हणाले ते राक्षस झाले. तटरक्षक दलाचं ब्रीद आहे 'वयं रक्षामः', तोच धातू, तोच पुरुष. हा शब्द दोन्हीकडे जाऊ शकतो, म्हणूनच मला तो फार मोलाचा वाटतो.

आणि ताई, एक राहिलंच. 'पाठराखण'. लग्नानंतर नवरीबरोबर सासरी पाठवतात ती पाठराखीण. आणि पुरुष असला तर 'पाठीराखा'.

परळकरीण:
थांबा. पाठीराखा.

काकांनी काय लिहिलं होतं, धोका मागून असतो. गार्ड गाडीच्या पाठीशी असतो आणि पाठ राखतो. हे अक्षरशः तेच आहे ना?

वरळी_सीफेस:
अर्थ चपखल आहे, पण सावध राहा. आजच्या बातम्यांत पाठीराखे म्हणजे पुढाऱ्यांचे समर्थक. पत्रिकेवर नुसतं 'पाठीराखा' वाचून लोक विचारतील, कुणाचा?

बिल्ला_नंबर:
मग 'कुणाचा' तेही लिहा की. गाडीचा.

जुना_फळा:
माझं मत: हुद्दा 'गार्ड' असाच ठेवा. तो शब्द मराठीने केव्हाच आपला केला आहे. फलाटावरची म्हातारीसुद्धा 'गार्डच्या डब्याजवळ थांब' म्हणते, तिला भाषांतर लागत नाही. शब्दाचा अर्थ सांगायचा असेल तर खाली एक ओळ द्या. ओळीत मराठी मोकळी होते, हुद्द्यात ती आखडते. दीडशे पदनामं मराठीत केलेली मी वाचली आहेत, बहुतेकांचा जीव या आखडण्याने गेला.

शब्दांची_पेटी:
सरांशी सहमत. फक्त 'आदरणीय', 'कर्तव्यदक्ष' असं काही त्या ओळीत घालू नका. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' यात एकही विशेषण नाही, आणि जिवा महाला साडेतीनशे वर्षं लोकांच्या तोंडात आहे.

परळकरीण:
मंडळी, पत्रिका आज छापायला गेली. नाव, त्याखाली 'गार्ड, मध्य रेल्वे', आणि त्याखाली एवढंच: '३५ वर्षं गाडीची पाठ राखली'. 'पाठीराखा'ही लिहून पाहिलं, पण आई म्हणाली, नाम नको, काम लिही.

बाबांना कच्ची प्रत दाखवली. बराच वेळ हातात धरून बसले होते. मग पेन मागितलं. मला वाटलं ओळ खोडणार. त्यांनी '३५ वर्षं' खोडून '३४ वर्षं ७ महिने' केलं. पहिले पाच महिने प्रशिक्षणाचे होते, तेव्हा गाडी हातात नव्हती, म्हणाले.

सगळ्यांचे मनापासून आभार. @साडीगार्ड, भावाने गाडीचा काढून ठेवलेला साडीगार्ड आईने काल परत बसवून घेतला. @डाउन_फास्ट काका, तुमचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? पत्रिका द्यायची आहे. बाबा विचारतायत, तुम्ही सीएसएमटी लॉबीचे (म्हणजे ड्युटीची हजेरी तिथे लावणारे) की कल्याणचे?

डाउन_फास्ट:
कल्याण. आवाज ऐकला की ओळखतील. पत्ता पाठवलाय, पण पत्रिका नाही पोचली तरी येतो. त्यांना सांगा, दोन बेल मिळाल्या.